शिट्टी थांबली तेव्हा

"मग ऑक्सिजन वाढवायचा नाही का?"

भार्गवी नागरगोजेचा हात सिलिंडरच्या चावीवर होता. त्या हातावर भिंगारदिवे सिस्टरांचा हात होता. हलकाच, पण तो हलत नव्हता.

"कशासाठी?" सिस्टरांनी विचारलं.

"रक्तातला ऑक्सिजन एकोणनव्वद आहे, सिस्टर. पंच्याण्णवच्या वर हवा. पेशंटला श्वास कमी पडतोय."

"आत घ्यायला कमी पडतोय, की बाहेर टाकायला?"

भार्गवीने पेशंटच्या बोटाला लावलेल्या मशीनकडे पुन्हा पाहिलं.

मागे उभ्या असलेल्या चार पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. भार्गवीला उत्तर आलं नाही, असं दोन वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

ते मिशनचं जुनं रुग्णालय. छातीच्या आजारांचा वॉर्ड बारा खाटांचा, बायका-पुरुषांचा एकच. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली तिथे शिकायला यायच्या आणि भिंगारदिवे सिस्टर त्यांना शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे बहुतेक वेळा प्रश्न विचारायच्या आणि निघून जायच्या.

भार्गवी वर्गात पहिली. पुस्तक तिला नुसतं पाठ नव्हतं, कुठली ओळ कुठल्या पानावर आहे तेही पाठ होतं. होस्टेलवर मुली तिला 'पान नंबर' म्हणत. तिला ते आवडायचं.

"कागद वाचलास?" सिस्टरांनी खाटेच्या पायथ्याकडे बोट केलं.

भार्गवीने कागद उचलला. डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, या पेशंटला अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मध्ये ठेवायचं. त्याहून वर न्यायचं नाही.

तिचे कान तापले.

"पण सिस्टर, पुस्तकात..."

"श्वास घे," सिस्टर म्हणाल्या.

"काय?"

"श्वास घे. भरून."

भार्गवीने घेतला.

"सोडू नको. त्यावर आणखी एक घे."

तिने घेतला.

"आणखी."

भार्गवीचे खांदे कानाला लागले. मानेच्या शिरा ताणल्या.

"आणखी."

आता काही आत जाईना. चेहरा लाल झाला. डोळ्यांत पाणी आलं.

"घे की. खिडकी उघडी आहे. बाहेर हवेला काय तोटा?"

फस्सकन सगळी हवा बाहेर पडली आणि भार्गवी खाटेची कड धरून वाकली. पोरी हसल्या. सात नंबरच्या त्या खाटेवरची पेशंट, म्हातारी कोंडाबाईही हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

"हवा अडकते," भार्गवी धापा टाकत म्हणाली. "जुनी बाहेर पडत नाही, म्हणून नवीन आत जात नाही. एअर ट्रॅपिंग. पान दोनशे..."

"पान राहू दे. हिला हे झालं कशानं?"

"ते कळत नाही, सिस्टर. हा आजार विडी-सिगारेटनं होतो. मी विचारलं होतं. विडी नाही, तंबाखू नाही. केसपेपरवर लिहिलंय मी, धूम्रपान नाही."

सिस्टर खाटेकडे वळल्या. "आजी, तुमचा धंदा काय?"

"चुरमुऱ्याची भट्टी, बाय..." कोंडाबाई थांबली. श्वास घेतला. "चाळीस वरसं..."

"भट्टीत जाळता काय?"

"भुसा... चगाळ... मिळंल ते." पुन्हा श्वास. "पावसाळ्यात... टायरबी."

सिस्टरांनी भार्गवीकडे पाहिलं. 

भार्गवीने पेन काढलं आणि केसपेपरवरची आपलीच ओळ खोडली.

दुपारी ती सिस्टरांच्या टेबलापाशी गेली. केसबुकावर सही हवी होती. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नसे.

"पुस्तक ठेव इथं," सिस्टर म्हणाल्या.

तिने ठेवलं.

"स्टेथोस्कोप."

तोही ठेवला.

"बोटाला लावायचं ते मशीन."

भार्गवीने खिशातून छोटा ऑक्सिमीटर काढला. तो तिच्या भावाने पहिल्या पगारातून घेऊन दिला होता. तोही टेबलावर गेला.

"आता पाच दिवस सात नंबरच्या शेजारी बस."

"आणि काय करू?"

"बस."

"सिस्टर, आमची विभागीय प्रश्नमंजूषा आहे पुढच्या आठवड्यात. मला वाचायचंय. नुसतं बसून काय कळणार?"

सिस्टर हजेरीपट भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

...

पहिला दिवस रागात गेला.

भार्गवी स्टुलावर बसली होती आणि मनातल्या मनात प्रश्नमंजूषेची उत्तरं म्हणत होती. कोंडाबाई पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. भार्गवीने तिला दोनदा नीट टेकून झोपायला सांगितलं. कोंडाबाई दोनदा टेकली आणि दोनदा पुन्हा पुढे वाकली.

"आजी, असं वाकून कंबर दुखेल."

"दुखू दे... श्वास तर येतोय."

दुसऱ्या दिवशी करायला काहीच नव्हतं, म्हणून भार्गवी कोंडाबाईसारखी बसून बघू लागली. कोपर गुडघ्यावर, मान पुढे. मग तिच्यासारखा श्वास घेऊन बघितला. तिचा आत, हिचा आत. तिचा बाहेर, हिचा बाहेर.

दीड मिनिटात भार्गवीला गरगरायला लागलं. तिने स्टूल घट्ट धरलं.

कोंडाबाई बघत होती. "दमलीस व्हय, पोरी?"

"हो."

"मी चार वरसं... हेच करतीया."

भार्गवीला पुस्तकातला एकही शब्द आठवला नाही. तिने उठून पाणी आणलं आणि कोंडाबाईला घोट घोट पाजलं. दोन घोटांच्या मध्ये किती थांबायचं, ते तिला कुणी सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला दिसायला लागलं.

श्वास जड झाला की आधी खांदे उचलले जातात. मग मानेच्या दोन दोऱ्या ताठ होतात. मग गळ्याच्या तळाशी, हाडांच्या वर, एक खळगी आत ओढली जाते. ओठांचा रंग त्याच्या नंतर बदलतो. बोलणं मात्र सगळ्यांच्या आधी बदलतं. बरं असलं की कोंडाबाई सात-आठ शब्द सलग बोलायची. भुशाची गोणी, जावयाचा स्वभाव, असलं काहीही. जड झालं की तीन. फार जड झालं की नुसती मान हलवायची.

भार्गवी शब्द मोजायला लागली.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट घडली. संडासापर्यंत जाऊन आल्यावर कोंडाबाईला जोराचा दम लागला. ती खाटेवर बसली, ओठांचा चंबू केला आणि सावकाश, लांबलचक फुंकर सोडली. परत एक. परत एक. सात-आठ फुंकरींत खांदे खाली आले.

"हे कुणी शिकवलं, आजी?"

"कुणी न्हाई. फुंकणी... चूल फुंकताना असंच की. जोरात फुंकलं तर राख उडती. हळू फुंकलं तर जाळ धरतो."

भार्गवीने हा व्यायाम परीक्षेत लिहिला होता. पाच गुण मिळाले होते. तो करताना माणसाचा चेहरा कसा सैलावतो, ते तिने आत्ता पाहिलं.

चौथ्या दिवशी ती कोंडाबाईला घेऊन व्हरांड्यापर्यंत चालत गेली. दोन पावलं, एक लांब फुंकर. दोन पावलं, एक लांब फुंकर. जाताना तीन वेळा थांबल्या, येताना एकदाच.

"कठड्यावरनं नदी दिसतीया," कोंडाबाई परतल्यावर सगळ्या वॉर्डाला सांगत होती. "आठ दिस झालं हितं हाय, मला ठावंच न्हवतं!"

भार्गवीने मोजलं. अकरा शब्द, दोन श्वास.

भिंगारदिवे सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, ते कळलं नाही.

...

पाचव्या दिवशी सकाळी नऊला नौशाद आला.

चोवीस वर्षांचा पोरगा, बेकरीत कामाला. पिठाची धूळ नाकात गेली की त्याचा दमा उसळायचा. आदल्या रात्रीपासून उसळला होता आणि घरच्या पंपाला दाद देत नव्हता. त्याच्या छातीतली शिट्टी जिन्यातूनच ऐकू आली. आठ नंबरची खाट मिळाली, कोंडाबाईच्या शेजारची. बरोबर त्याची आई होती.

वॉर्डावर डॉक्टर पाठारे होते. तरुण, हुशार, दोन दिवसांचे जागे. त्यांनी वाफेचं औषध सुरू केलं, इंजेक्शन दिलं, नौशादच्या बोटाला मशीन लावलं. शिट्टी चालूच होती. सगळा वॉर्ड ती ऐकत होता.

मग साडेनऊच्या सुमारास शिट्टी कमी झाली. पातळ झाली. आणि थांबली.

नौशादची आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "या अल्ला... शांत झाला पोरगा. झोप लागतीय त्याला."

डॉक्टरांनी मशीनकडे पाहिलं. "त्र्याण्णव. शिट्टीही गेली. चला, औषध लागू पडतंय." ते दुसऱ्या खाटेकडे वळले.

भार्गवी स्टुलावर होती, सात आणि आठच्या मध्ये.

तिच्याकडे पुस्तक नव्हतं. कानाला लावायला काही नव्हतं. ती फक्त बघत होती.

नौशादची छाती वर उचललेली होती. भरलेल्या पोत्यासारखी. आणि ती खाली येत नव्हती. गळ्याची खळगी मात्र प्रत्येक श्वासाला खोल खोल ओढली जात होती. कपाळावर घाम होता. डोळे अर्धे मिटलेले होते, पण ते झोपेचे डोळे नव्हते.

"नौशाद," तिने हाक मारली. "नाव सांगा बरं तुमचं."

त्याचे ओठ हलले. एकही शब्द आला नाही.

"डॉक्टर!"

"काय झालं?"

"शिट्टी गेलेली नाही, डॉक्टर. हवा गेलीय."

डॉक्टर पाठारे वळले. क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी आली. तिसऱ्या वर्षाची पोरगी, आणि आपल्याला सांगते...

"मशीन त्र्याण्णव दाखवतंय, सिस्टर."

"मशीन नका बघू. गळा बघा त्याचा. आणि ऐका. एकदा ऐका फक्त."

ती खाटेपासून हलली नाही.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे. डावीकडे. पाठीला. पुन्हा उजवीकडे.

त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काहीच नाही..." ते पुटपुटले. "आत काहीच ऐकू येत नाही."

शिट्टी वाजायलाही थोडी हवा लागते. नौशादच्या नळ्या इतक्या आवळल्या होत्या की तेवढीही हवा फिरत नव्हती. तो शांत झाला नव्हता, थकून बुडत होता.

मग सगळं एकदम झालं. डॉक्टर ओरडून औषधं सांगू लागले. भार्गवीने त्यांच्या सांगण्यावरून ऑक्सिजनची चावी पूर्ण उघडली. त्या दिवशी ज्या चावीवर तिचा हात अडवला होता, तसलीच ही चावी. इथे पूर्ण उघडायची होती आणि का उघडायची, ते तिला कळत होतं: कोंडाबाईच्या शरीराला कमी ऑक्सिजनची सवय झाली होती, नौशादच्या शरीराला नव्हती. वाफेचं औषध पुन्हा लागलं. सलाइनमधून मॅग्नेशियम सुरू झालं.

दारात भिंगारदिवे सिस्टर आल्या होत्या. वर्गावरून आरडाओरडा ऐकून आल्या असाव्यात. अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या. त्यांनी एक नजर खाटेवर टाकली, एक डॉक्टरांवर. मग भार्गवीकडे बघून विचारलं,

"काय हवंय?"

प्रश्न तिलाच होता.

"मोठे डॉक्टर. आणि अतिदक्षता विभागात खाट. श्वासाचं मशीन तयार ठेवायला सांगा."

सिस्टर वळल्या आणि धावल्या. व्हरांड्यातून त्यांच्या चपलांचा फटफट आवाज लांबपर्यंत येत राहिला. रुग्णालयात कुणी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं.

भार्गवीने नौशादला उठवून पुढे वाकवून बसवलं. पाठीला उशा लावल्या, हात समोरच्या टेबलावर टेकवले. तिने आपला चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आणला.

"माझ्याकडे बघा. झोपायचं नाही. माझ्याकडे. सोडा... आधी सोडा. हळू. चूल फुंकल्यासारखं."

त्याचे डोळे मिटत होते.

"नौशाद! सोडा!"

शेजारच्या खाटेवरून कोंडाबाई वाकली. तिने ओठांचा चंबू केला आणि त्याला दाखवत लांब फुंकर घातली. परत घातली. तिला स्वतःला दम लागत होता, तरी ती थांबेना. नौशादची आई मुलाची पावलं घट्ट धरून बसली होती.

मोठे डॉक्टर आले. सिस्टर मागोमाग आल्या, छातीवर हात ठेवून. श्वासाचं मशीन दाराशी येऊन उभं राहिलं. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "पाच मिनिटं बघू. नाही तर नळी घालू."

एक मिनिट.

दोन.

वॉर्डातली सगळी माणसं आठ नंबरकडे बघत होती. कुणी खोकलाही काढत नव्हतं.

तीन...

मग एक आवाज आला. बारीक. दूरच्या रस्त्यावरून कुणी शीळ घालत चाललंय, असा.

भार्गवीने श्वास रोखला.

पुन्हा आला. थोडा मोठा.

डॉक्टर पाठाऱ्यांनी स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे. डावीकडे. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते.

"शिट्टी!" ते म्हणाले. "दोन्हीकडे शिट्टी!"

"आली गं शिट्टी!" कोंडाबाई ओरडली.

नौशादच्या आईला काही कळेना. मघाशी शिट्टी होती तेव्हा सगळे धास्तावले होते, आता तीच परत आली तर सगळे हसतायत. ती एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. भार्गवीने तिचा हात धरून मुलाच्या छातीवर ठेवला. छाती खाली जात होती. वर येत होती. पुन्हा खाली जात होती.

मग ती माउली रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. पाच नंबरच्या पेशंटने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. ज्यांना टाळी वाजवायला दम नव्हता, त्यांनी पितळी ताटल्यांवर चमचे वाजवले.

मशीन दारातून परत गेलं. नौशादला अतिदक्षता विभागात हलवलं. जाताना डॉक्टर पाठारे थांबले.

"मी चुकलो असतो," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हे कुठल्या पुस्तकात वाचलं होतंस?"

ओळ तिला पाठ होती. पानही माहीत होतं. पण त्या वेळी आधी ओळ आठवली नव्हती.

"सात नंबर, डॉक्टर," ती म्हणाली.

ते समजले नाहीत. कोंडाबाई समजली. तिने लाजून पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी सिस्टरांच्या टेबलावर तिचं पुस्तक होतं, स्टेथोस्कोप होता, छोटं मशीन होतं. केसबुकही होतं. सही झालेली होती. तारीख मात्र तीन दिवसांपूर्वीची होती.

भार्गवीने तारखेवर बोट ठेवलं. "सिस्टर, ही... दुसऱ्या दिवसाची?"

"त्या दिवशी तू तिला पाणी पाजत होतीस," सिस्टर म्हणाल्या आणि हजेरीपट भरायला लागल्या.

...

तीन दिवसांनी नौशाद परत वॉर्डात आला. आठ नंबर रिकामीच होती. भार्गवीची तिथली ड्युटी संपली होती, तरी सकाळी नाश्त्याच्या वेळेला ती आली.

नौशादच्या हातात रुग्णालयाचा पाव होता. तो उलटसुलट करून बघत होता. मग त्याने तो दाबला. मग वास घेतला.

"हा पाव आहे?" तो म्हणाला. "सिस्टर, तुम्हीच सांगा, ह्याला पाव म्हणतात काय? कणीक आंबायच्या आधीच भट्टीत सारलाय ह्यो, वरनं करपलाय आन् मधनं कच्चा हाय. आमचा शेठ असला पाव गिऱ्हाइकाला दावायचा न्हाई, म्हशीलाबी घालायचा न्हाई. कुठल्या बेकरीतनं आणता सांगा मला, मी येतो आन् त्याला शिकवून जातो..."

त्याची आई त्याला गप्प करत होती. तो गप्प होईना, मध्ये श्वास घ्यायलाही थांबेना. कोंडाबाई भट्टीवाली असल्याने तिलाही मत होतं. तिने पाव मागून घेतला, तोडून पाहिला आणि नौशादची बाजू घेतली. आता दोघं मिळून बोलत होते.

भार्गवी ओशाळली. पेशंटची तक्रार म्हणजे नर्सची लाज, असं तिला वाटायचं. ती लगबगीने पुढे झाली.

"मी बदलून आणते. लगेच आणते."

तिने ताटलीला हात घातला. त्या हातावर दुसरा एक हात आला. हलकाच.

भिंगारदिवे सिस्टर नौशादकडे बघत होत्या. कधी आल्या होत्या, कुणास ठाऊक.

"थांब," त्या म्हणाल्या. "त्याला पुरतं भांडू दे."